कोआटीमुंडीचे गृहसंगोपन : शैशवावस्था, प्रौढत्व आणि 'पाळीव' या संज्ञेची मर्यादा

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागापासून थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या अरण्यप्रदेशात आढळणारा कोआटी हा मांसाहारी गणातील, परंतु आहाराने सर्वभक्षी असा मध्यम आकाराचा सस्तन प्राणी होय. प्राणिशास्त्रीय वर्गीकरणात त्याचा समावेश प्रोसायोनिडी या कुलात होतो. रॅकून व किंकाजू हे त्याचे निकटचे आप्त. या कुलातील एकही प्राणी भारतात निसर्गतः आढळत नाही. त्यामुळे मराठी वाचकास त्याची कल्पना यावी म्हणून मुंगसाची चपळाई, डुकराप्रमाणे पुढे आलेले व सतत हलणारे नाक आणि शरीराइतकीच लांब, उभी धरलेली वलयांकित शेपटी यांचे एकत्रित चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. विशेष म्हणजे लिनियस याने १७६६ मध्ये या प्राण्याच्या दोन जातींना नावे दिली, तेव्हा त्याने त्यांना उदमांजराच्याच वंशात घातले होते. त्याची ती चूक समजण्यासारखी आहे.

संयुक्त संस्थानांत कोआटीची पिल्ले खाजगी प्रजननकेंद्रांत जन्माला घालून हौशी लोकांस विकली जातात. अशा पिल्लाचे घरगुती संगोपन कसे केले जाते, त्यामागील जीवशास्त्रीय कारणे कोणती, आणि दोन-तीन वर्षांनंतर हे संगोपन बहुधा अडचणीत का येते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अशा प्राण्यांविषयीचे बहुतांश लोकप्रिय लेखन पिल्लाच्या वर्णनावर थांबते. वस्तुतः प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

नावामागील घोटाळा :

'कोआटी' हा शब्द दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून आला आहे. त्याची जी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते, तिच्यानुसार 'कमरपट्टा' व 'नाक' या अर्थांचे दोन शब्द त्यात एकत्र आले आहेत. झोपताना हा प्राणी नाक पोटाशी दुमडून घेतो, असा त्याचा खुलासा केला जातो. 'कोआटीमुंडी' म्हणजे एकटा राहणारा कोआटी. स्थानिक लोकांच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे प्राणी होते : एक टोळीने हिंडणारा, लहान चणीचा, दुसरा एकटाच भटकणारा, अंगाने थोराड व सुळ्यांनी भयंकर. युरोपीय निसर्गअभ्यासकांचीही तशीच समजूत झाली. १८२१ मध्ये दिले गेलेले 'सोलिटारिया', म्हणजे एकाकी, हे लॅटिन नाव आजही दक्षिण अमेरिकी कोआटीच्या एका उपजातीला चिकटून राहिले आहे.

हे कोडे प्रत्यक्ष निरीक्षणांतून सुटले. पनामा कालव्याच्या बांधकामात निर्माण झालेल्या गातून जलाशयातील बारो कोलोराडो या बेटावर जॉन कॉफमन यांनी पांढऱ्या नाकाच्या कोआटीचा दीर्घकाळ अभ्यास केला व तो १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. टोळी ही माद्यांची व त्यांच्या अपत्यांची असते. एकाकी प्राणी म्हणजे त्याच जातीचा प्रौढ नर, हे या अभ्यासातून सविस्तर स्पष्ट झाले. टोळीत सामान्यतः चार ते वीस प्राणी असतात, क्वचित त्याहून अधिक. नर सुमारे दोन वर्षांचा होईपर्यंत टोळीत नांदतो आणि नंतर तीतून बाहेर पडतो किंवा काढला जातो. विणीच्या हंगामात काही आठवडे त्याला टोळीजवळ येऊ दिले जाते. एरवी माद्या एकजुटीने त्याला हुसकावतात, आणि यास सबळ कारण आहे. प्रौढ नर लहान पिल्लांना मारून खातात, अशी निरीक्षणे नोंदलेली आहेत.

या नामेतिहासाचा गृहसंगोपनाशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध असा की, पिढ्यान्‌पिढ्या अरण्यात राहणाऱ्या लोकांनाही पिल्लू व प्रौढ नर हे एकच जनावर वाटले नाही. विकत घेतलेले पिल्लू दोन वर्षांनी 'कोणी वेगळेच' झाले, असा जो अनुभव घरगुती पालक सांगतात, तो त्यांच्या संगोपनातील उणिवेपेक्षा या जीवनक्रमाचाच परिणाम होय.

पिल्लाचे प्रारंभिक दिवस :

निसर्गात गर्भावधी सुमारे अकरा आठवड्यांचा असतो. प्रसूतीपूर्वी मादी टोळी सोडून झाडावर काटक्या-पानांचे घरटे बांधते. तेथे दोन ते सात पिल्ले जन्मतात. जन्मतः ती आंधळी, जेमतेम शंभर ते दीडशे ग्रॅम वजनाची व सर्वस्वी मातेवर अवलंबून असतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय सावरतात, आणि पाच-सहा आठवड्यांनंतर मादी त्यांना घेऊन टोळीत परत येते. हा काळ धोक्याचा असतो. कोस्टारिकामध्ये पांढऱ्या तोंडाची कॅपुचिन माकडे कोआटीची घरटी लुटून पिल्ले खाताना आढळली आहेत. दूध पूर्णपणे सुटण्यास सुमारे चार महिने लागतात.

घरगुती व्यवहारात पिल्लू बहुधा याच घरट्यातील अवस्थेत, डोळे उघडण्याच्या आगेमागे, मातेपासून वेगळे केले जाते. बाटलीने वाढविलेले पिल्लू माणसाला अधिक लळा लावते, हे त्याचे कारण. ते खरेही आहे. परंतु ज्या टोळीत ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात सामील झाले असते, तिची जागा त्याच्या लेखी आता घरातील माणसे घेतात, ही त्याची दुसरी बाजू होय. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे बीज या एका अदलाबदलीत आहे.

अशा पिल्लाच्या देखभालीत पहिली गरज उबेची असते, दुधाची त्यानंतरची. गारठलेल्या पिल्लास दूध पचत नाही. म्हणून ते आधी ऊबदार करून मगच पाजावे लागते. गाईचे दूध देणे टाळले जाते, कारण त्यातील दुग्धशर्करा अशा पिल्लांना सोसत नाही व हगवण लागून ती काही तासांत निर्जल होऊ शकतात. त्याऐवजी कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी वापरली जाते. पाजताना पिल्लू पोटावर, म्हणजे आईला लुचताना असते त्याच स्थितीत, असावे लागते. मानवी अर्भकाप्रमाणे त्याला उताणे मांडीवर घेऊन पाजण्याचा मोह अनेकांना होतो. छायाचित्रांतून तसे दृश्य वारंवार दिसतेही. मात्र त्यामुळे दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो, आणि हाताने वाढविलेल्या सस्तन पिल्लांच्या मृत्यूचे ते एक नेहमीचे कारण आहे. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा लागतो; कारण मातेच्या चाटण्याखेरीज ही पिल्ले मलमूत्र विसर्जन करू शकत नाहीत. हा क्रम सुरुवातीस रात्रंदिवस दर काही तासांनी चालतो.

लसीकरणाबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. श्वानांमधील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग या कुलातील प्राण्यांना सहज होतो व बहुधा प्राणघातक ठरतो. परंतु कुत्र्यांना दिली जाणारी, दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस वन्य मांसाहारी प्राण्यांत कधी कधी तोच रोग उत्पन्न करते. म्हणून जिवंत डिस्टेंपर-विषाणू नसलेली लस निवडावी लागते. रेबीजचा प्रश्न याहून बिकट असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नाक, नखे आणि सुगंध :

दोन-तीन महिन्यांचे पिल्लू घरात मोकळे सोडले म्हणजे काय घडते हे समजण्यासाठी त्याच्या शरीररचनेकडे पाहिले पाहिजे. कोआटीचे नाक सर्व दिशांना मोठ्या कोनातून वळू शकते. पालापाचोळा, कुजके ओंडके व भेगा यांतील किडे, विंचू, गोगलगायी हुंगून शोधणे व लांब नखांनी उकरून काढणे, हा त्याचा दिवसभराचा व्यवसाय असतो. (रॅकूनप्रमाणे तो निशाचर नाही, ही गोष्ट पालकांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोयीची.) मागच्या पायांचे घोटे उलटे वळू शकत असल्याने तो खोडावरून डोके खाली करून उतरतो. झाडावर चढताना शेपटी तोल सांभाळते.

ही सर्व साधने घरात तशीच कार्यरत राहतात. कुंड्यांतील माती, गादीतील कापूस, कपाटामागची फट, कचऱ्याचा डबा, पाहुण्यांच्या पिशव्या : कोआटीच्या दृष्टीने हे सारे पालापाचोळ्याचेच प्रकार होत. साध्या कड्या-खिट्ट्या तो थोड्या प्रयत्नाने उघडतो. यास खोडकरपणा म्हणण्याची प्रथा आहे. परंतु अन्नशोधाच्या उपजत प्रेरणेला नैतिक विशेषण लावणे योग्य ठरत नाही. शिक्षेने हे वर्तन थांबत नाही, उलट भयाने चावण्याची सवय लागते, असा प्राणिसंग्राहकांचाही अनुभव आहे.

एक वर्तन मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. पनामातील कोआटी ट्राटिनिकिया या वृक्षाचा उग्र वासाचा डिंक स्वतःच्या व परस्परांच्या अंगाला चोळतात, हे निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिसवा, गोचिडी आदी परोपजीवींपासून बचाव हा त्याचा हेतू असावा, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. बंदिवासातील कोआटी हेच काम साबण, दंतमंजन व अत्तर यांनी करतात. स्नानगृहात शिरलेला कोआटी साबणाची वडी पुढच्या पंजांत धरून ती शेपटीला एकाग्रतेने चोळत बसतो, तेव्हा पाहणाऱ्यास हसू येते. पण ते दृश्य दुसऱ्या बाजूने खिन्न करणारेही आहे. जंगलात हा विधी एकमेकांच्या अंगावर, सामुदायिक रीतीने चालतो. घरातील कोआटी तो एकट्याने पार पाडतो.

आहाराविषयी थोडक्यात सांगता येईल. अंडी, मांस, कीटक, फळे व काही प्रमाणात उत्तम प्रतीचे श्वानखाद्य असा मिश्र आहार दिला जातो. गोड पदार्थांची त्याला अनावर आवड असते व त्यातून स्थूलता आणि दातांचे विकार उद्भवतात. इग्वासू धबधब्याच्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांच्या खाऊवर सोकावलेल्या कोआटींच्या टोळ्या प्रसिद्धच आहेत. तेथे चाव्यांच्या व ओरखड्यांच्या जखमांविषयी इशारा देणारे फलक लावावे लागले आहेत. निवाऱ्यासाठी घरातील पिंजरा अपुरा पडतो. चढण्यास फांद्या, उकरण्यास माती व थंडीत ऊब असलेले मोठे, वरूनही बंद असे बाहेरचे आवार लागते.

प्रौढत्वाचा प्रश्न :

मादी साधारणतः दोन वर्षांची व नर तीन वर्षांचा झाला म्हणजे प्रजननक्षम होतो. नराचे वरचे सुळे लांब, चपटे व धारदार असतात. त्याचा चावा टोचणारा नसून कापणारा असतो, आणि नरांच्या परस्परांतील झुंजीत खोल जखमा होतात. टोळीतून बाहेर पडण्याचे वय झालेला नर घरात असेल, तर तो बाहेर पडणार कोठे? दरवाजा बंद असतो. ज्या माणसांना त्याने टोळी मानले, त्यांच्यापैकीच कोणी प्रतिस्पर्धी ठरतो, कोणी त्याच्या खाद्याजवळ वा झोपण्याच्या जागेजवळ येणारा परका ठरतो. मूत्राने व गुदग्रंथींच्या स्रावाने हद्द आखणेही याच सुमारास वाढते. खच्चीकरणाने या वर्तनाची तीव्रता काही प्रमाणात कमी होते. ते समूळ जात नाही.

येथे 'पाळीव' व 'माणसाळलेला' या दोन शब्दांतील भेद निर्णायक ठरतो. मराठीत हे शब्द स्वतंत्र आहेत, तरी व्यवहारात ते एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. माणसाळणे ही एका प्राण्याच्या आयुष्यात घडणारी गोष्ट आहे. पाळीवपण वंशपरंपरेने येते, आणि त्यासाठी अनेक पिढ्यांची निवड लागते. रशियन आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सैबेरियात चंदेरी कोल्ह्यांवर सुरू केलेला प्रयोग यासंदर्भात सुपरिचित आहे. त्यात प्रत्येक पिढीतील केवळ सर्वांत सौम्य कोल्ह्यांचीच पैदास पुढे चालविली गेली. केवळ हाताळण्याने कोल्हे सौम्य होऊ नयेत म्हणून माणसांशी त्यांचा संपर्क मुद्दाम मर्यादित ठेवला गेला. काही पिढ्यांतच माणसाला पाहून शेपूट हलविणारे कोल्हे जन्मू लागले. कोआटीच्या बाबतीत अशी निवड झालेली नाही. प्रजननकेंद्रात जन्मलेला कोआटी हा 'बंदिवासात जन्मलेला' असतो एवढेच. त्याचा स्वभाव अरण्यातील कोआटीचाच असतो. विक्रीच्या जाहिरातींतील 'बाटलीवर वाढविलेले' हे विशेषण यातील पहिल्या प्रक्रियेचे आश्वासन देते, आणि ग्राहक ते दुसऱ्या प्रक्रियेचे समजून घेतो.

रेबीजविषयक नियम या प्रश्नाला जीवन-मरणाचे स्वरूप देतो. संयुक्त संस्थानांत कुत्रा, मांजर व फेरेट यांच्यासाठी रेबीजच्या मान्यताप्राप्त लसी आहेत, कोआटीसाठी नाही. पशुवैद्य एखादी लस स्वतःच्या अखत्यारीत देऊ शकतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो प्राणी लस न दिलेलाच राहतो. कुत्रा चावल्यास त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवता येते, कारण त्याच्या लाळेत विषाणू किती काळ आधी येतो हे ज्ञात आहे. कोआटीविषयी तसे खात्रीचे ज्ञान नसल्याने, त्याने कोणास चावा घेतल्याची नोंद झाली तर आरोग्य यंत्रणा त्याला मारून मेंदूची तपासणी करण्याचा आदेश देऊ शकते. शेजारच्या मुलाने कुंपणातून घातलेल्या बोटाला झालेली लहानशी जखमही यास पुरेशी ठरू शकते. त्यामुळे पुष्कळ पालक चाव्याची वाच्यता करीत नाहीत. प्राण्यावरील माया आणि सार्वजनिक आरोग्य यांत असा थेट विरोध कुत्र्याच्या पालकास सहसा अनुभवावा लागत नाही.

बंदिवासात कोआटी चौदा-पंधरा वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. बाटलीचा काळ चार महिन्यांचा असतो. या दोहोंतील अंतर ज्यांना पेलत नाही, ते प्राण्याला आश्रयकेंद्राकडे सोपवितात, पुन्हा विकतात किंवा सोडून देतात. माणसांत वाढलेल्या कोआटीला इतर कोआटींची भाषा येत नाही. चिवचिवाट, गुरगुर, शेपटीची स्थिती, नाक वर करून दात दाखविण्याची धमकी, हे सारे टोळीत शिकून पक्के व्हायचे असते. परिणामी आश्रयकेंद्रातही त्याला स्वजातीयांत मिसळविणे कठीण जाते.

सोडून दिलेले प्राणी आणि कायदा :

सोडून देण्याचे परिणाम रॅकूनच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतात. अमेरिकन लेखक स्टर्लिंग नॉर्थ यांच्या 'रास्कल' या १९६३ मधील आत्मकथनावर आधारित चित्रमालिका १९७७ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर झाली आणि रॅकूनची पिल्ले आयात करण्याची लाट तेथे आली. कथेच्या अखेरीस नायक आपला वाढलेला रॅकून रानात सोडतो. जपानी पालकांपैकी अनेकांनी नेमके तेच केले. आज रॅकून जपानच्या जवळजवळ सर्व प्रांतांत पसरला असून शेतीची व जुन्या लाकडी देवालयांची हानी करतो. २००४ च्या कायद्यान्वये त्याची आयात व पालन यांवर निर्बंध आले, तोवर उशीर झाला होता.

कोआटीच्या बाबतीत हीच गोष्ट लहान प्रमाणावर स्पेनच्या मायोर्का बेटावर घडली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील डोंगराळ भागात सुटलेल्या वा सोडलेल्या कोआटींची वीण होऊ लागली. चिलीच्या रॉबिन्सन क्रूसो बेटावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोआटी आणले गेले होते, आणि तेथे ते बिळांत घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांना आजही उपद्रव देतात. उष्ण प्रदेशातील प्राणी समशीतोष्ण हवामानात तग धरणार नाही, हा युक्तिवाद या दोन्ही उदाहरणांनी निकालात काढला आहे.

कायद्यांची दिशा सर्वत्र सारखी नाही. संयुक्त संस्थानांत विक्री व प्रदर्शनासाठी केंद्रीय परवाना लागतो, परंतु केवळ हौसेने पाळण्याचा प्रश्न राज्यांवर सोपविलेला आहे. कॅलिफोर्नियात ते निषिद्ध, तर अन्यत्र नियम सैल. ब्रिटनने कोआटीला धोकादायक वन्य प्राण्यांच्या १९७६ च्या कायद्याच्या यादीतून २००७ मध्ये वगळले. त्यानंतर नऊच वर्षांनी युरोपीय संघाने दक्षिण अमेरिकी कोआटीला आक्रमक परकीय जातींच्या पहिल्या यादीत घातले. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक संकेतनाम्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होंडुरासने पांढऱ्या नाकाचा कोआटी व उरुग्वेने वर उल्लेखिलेली 'सोलिटारिया' ही उपजाती नोंदविली आहे.

भारतात मुंगूस किंवा उदमांजर घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, पण परदेशी प्राण्यांबाबत हा कायदा दीर्घकाळ जवळपास मौन होता. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांच्या स्वेच्छा नोंदणीची सूचना काढली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि तिने या संकेतनाम्यातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली. या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास त्याची नोंद करावी लागते; प्राणी दुसऱ्याकडे गेल्यास किंवा त्याला पिल्ले झाल्यास तेही कळवावे लागते. नोंदणीची कार्यपद्धती ठरविणारे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले.

युरोपीय नियमावलीतील एक तरतूद मात्र वेगळ्या प्रकारची आहे. २०१६ मध्ये यादी लागू होण्यापूर्वीच ज्यांच्या घरी कोआटी होता, त्यांना तो त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवण्याची मुभा देण्यात आली. अट दुहेरी होती : प्राणी बंदिस्त राहिला पाहिजे आणि त्याची वीण होता कामा नये. त्या वर्षी बाटलीने दूध पिणाऱ्या पिल्लांपैकी जी आज हयात असतील, ती आता म्हातारपणाकडे झुकली असतील. त्यांच्या मागे त्या घरांत दुसरा कोआटी येणार नाही.